डँपिंग कागदावर सापडत नाही

पूल मजबूत होता, हे आधीच सांगते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, नदीवर बांधलेला ६० मीटर लांबीचा लोखंडी पादचारी पूल. एका काठाला बाजारपेठ, दुसऱ्या काठाला कॉलेज. वेल्ड तपासले, बोल्ट तपासले, ताकदीची आकडेमोड पुन्हा केली. कुठेच काही कमी नव्हतं. तरी कॉलेज सुटलं की तो वरखाली हलायचा, आणि म्हातारी माणसं लांबच्या रस्त्यापुलावरून वळसा घालून जायची. आम्ही पाहणीला गेलो तेव्हा भाजीवाल्या एका आजोबांनी नेमकं सांगितलं, "मधोमध आलं की पायाखालनं पूल निसटल्यागत होतंय बघा, मॅडम."

मी पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. भूकंप आणि वाऱ्यासाठी इमारती तपासणं हे माझं रोजचं काम. कंपन मोजून ते काबूत आणण्याचं काम पहिल्या दिवसापासून शेवटच्या चाचणीपर्यंत हातात आलं ते या पुलावर. त्याची हकीकत जरा सविस्तर लिहिते, कारण मराठीत यावर फारसं वाचायला मिळत नाही.

माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. पुलाची स्वतःची वरखाली डोलण्याची वारंवारता त्याच्या जवळ असली, तर प्रत्येक पाऊल आधीच्या हालचालीत भर घालत जातं. झोक्याला वेळेवर दिलेल्या हलक्या धक्क्यासारखं. पुलाचं डोलणं किती वाढेल, हे शेवटी एकाच गोष्टीवर ठरतं: प्रत्येक हेलकाव्यात तो किती ऊर्जा जिरवतो. हेच डँपिंग. वजन आणि कडकपणा ड्रॉइंगवरून काढता येतात. डँपिंग ड्रॉइंगमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. ते सांध्यांच्या घर्षणात असतं, बेअरिंगमध्ये, म्हणजे पूल ज्या टेकूंवर बसतो त्यांत असतं, डेकच्या, म्हणजे चालायच्या फरशीच्या भेगांत आणि कठड्याच्या बोल्टांत असतं.

आपल्याकडे आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकात इमारतींचं डँपिंग ५ टक्के धरायला सांगितलंय. ज्या डँपिंगला वस्तू डोलतच नाही, ते शंभर टक्के मानून हे मोजतात. तिथे ते योग्यच आहे, कारण मोठ्या भूकंपात इमारत तडकते, सरकते, बरीच ऊर्जा खाते. पण तो ५ चा आकडा हाताला इतका बसलेला असतो की दुसऱ्या कामातही बोटं आपोआप तोच टाइप करतात. पावलांनी डोलणारा लोखंडी पूल काही तडकत नसतो. त्याचं डँपिंग अर्ध्या टक्क्याच्याही खाली असू शकतं. म्हणजे उत्तरात दहा पटींचा फरक पडतो. म्हणून कॉम्प्युटरपाशी बसण्याआधी पूल मोजायचा, असं आमच्या सरांनी ठरवलं. ते पूर्वी अशा कामांवर राहिलेले होते.

मोजणी रात्री केली. पुलावर माणसं नकोत, आणि उन्हाने लोखंड तापलेलंही नको. डेकच्या दोन्ही कडांना अॅक्सेलरोमीटर, म्हणजे त्वरण मोजणारी यंत्रं लावली आणि नुसता वारा, पाणी आणि लांबच्या रस्त्यावरची वाहतूक यांनी पूल जे सूक्ष्म थरथरतो, ते नोंदवत बसलो. त्या नोंदीतून वारंवारता लगेच दिसते: १.९२ हर्ट्झ. चालण्याच्या वेगावर अगदी नेमकी. डँपिंग मात्र सहज हाती लागत नाही, आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. डँपिंग काढतात ते वारंवारतेच्या आलेखातल्या शिखराच्या रुंदीवरून. डँपिंग ०.४ टक्के असेल तर १.९२ हर्ट्झच्या शिखराची रुंदी भरते फक्त ०.०१५ हर्ट्झ. इतकी बारीक रुंदी दिसायला नोंदही तितकीच लांब हवी. एकेका मिनिटाचे तुकडे पाडून सरासरी काढली, तर शिखर पसरट दिसतं आणि डँपिंग आहे त्याहून जास्त भासतं. पूल कागदावर शांत होतो. म्हणून आम्ही लांब, अखंड नोंदी घेतल्या.

शिवाय दुसरा, जास्त सरळ मार्ग वापरला. दोघा सहकाऱ्यांनी मेट्रोनोमच्या ठोक्यावर मधोमध उड्या मारल्या, बाकी सगळे पुलावरून उतरले, आणि ठोका थांबताच दोघेही निश्चल उभे राहिले. मग पूल आपला आपण विझत गेला. हेलकावा निम्मा व्हायला चौदा सेकंद लागले. साडेसत्तावीस आवर्तनं! स्क्रीनवरची ती रेघ लांबतच गेली, लांबतच गेली. उत्तर पुन्हा ०.४ टक्के. हेलकावे मोठे असताना, सुरुवातीच्या भागात, ते ०.६ च्या आसपास होतं, कारण बेअरिंग थोडं घासत होतं. आम्ही लहान आकडा धरला. दुपारी पुन्हा मोजलं तेव्हा वारंवारता १.९० वर उतरली होती. एका टोकाचं बेअरिंग गंजून अर्धवट अडकलं होतं आणि तापमानानुसार त्याचा अडसर बदलत होता.

आता कॉम्प्युटर. ड्रॉइंगवरून बनवलेल्या मॉडेलमध्ये सुमारे ३८ हजार अज्ञातं होती. एवढ्या मोठ्या समीकरणातून सगळ्या वारंवारता काढण्याची गरज नसते. खालच्या पंधरा-वीस पुरतात. त्यासाठी बहुतेक सॉफ्टवेअर जी पद्धत वापरतात तिचा पाया कॉर्नेलियस लॅन्झोस यांनी १९५० मध्ये घातला: मोठ्या मॅट्रिक्सला हातही न लावता, तिचा एका सदिशावर होणारा परिणाम पुन्हा पुन्हा काढत गेलं की टोकाच्या वारंवारता आधी हाती येतात. ज्या भागातल्या वारंवारता हव्यात तिथे समीकरण सरकवून घेतलं की काम आणखी लवकर होतं. माझ्या लॅपटॉपवर हे चहा येईपर्यंत संपायचं.

मॉडेलने पहिली वारंवारता दिली १.७८. पूल म्हणत होता १.९२. हा फरक लहान दिसतो, पण वारंवारता कडकपणाच्या वर्गमुळाशी बांधलेली असल्याने त्याचा अर्थ पूल कागदापेक्षा १६ टक्के जास्त कडक आहे असा होतो. पोलादाचा कडकपणा १६ टक्क्यांनी वाढवून टाकला की आकडा जुळतो आणि माणूस मोकळा होतो. असं जुळवलेले अहवाल मी पाहिलेत, आणि मला ते अजिबात पटत नाही. पोलाद पोलादच असतं. जास्तीचा कडकपणा खरोखर कुठून आला, हे शोधायला हवं. आम्ही तीन संशयित घेतले: काँक्रीटचा पातळ डेक ट्रसबरोबर (पुलाच्या लोखंडी सांगाड्याबरोबर) मिळून काम करतोय का, अडकलेलं बेअरिंग किती अडवतंय, आणि कठड्याचा वाटा किती. या तीन आकड्यांना थोडं थोडं हलवून पहिल्या चार मोडवर (मोड म्हणजे पूल ज्या ठरावीक आकारात आणि वारंवारतेवर डोलतो तो प्रकार) काय परिणाम होतो ते पाहिलं, आणि वारंवारतेबरोबर मोडचा आकारही मोजलेल्या आकाराशी ताडून पाहिला. कडकपणा सरसकट वाढवला, तर पहिली वारंवारता जुळत होती, पण पिळाची मोड भलतीकडे जात होती. डेक आणि बेअरिंग नीट धरल्यावर चारही एकत्र जुळल्या. कठड्याचा वाटा जवळपास नगण्य निघाला.

पिळाची आणि आडवी मोडसुद्धा आम्ही मुद्दाम तपासली. आडव्या कंपनाचा धडा लंडनच्या मिलेनियम ब्रिजने घालून दिलाय. तो १० जून २००० रोजी उघडला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला, कारण गर्दीच्या पावलांबरोबर तो आडवा झुलायला लागला. तो पूल डिझाइन करणाऱ्या अरूप कंपनीच्या अभियंत्यांनी त्याच्यावर माणसं चालवून चाचण्या घेतल्या. त्यांना आढळलं की पूल ज्या वेगाने आडवा सरकतो, त्या प्रमाणात चालणारे त्याला आणखी ढकलतात, म्हणजे माणसं जणू उणे डँपिंग घेऊन पुलावर येतात. ठरावीक संख्या ओलांडली की एकूण डँपिंग शून्याखाली जातं आणि झुलणं एकदम वाढतं. शेवटी ३७ द्रवाचे डँपर आणि पन्नासहून जास्त वस्तुमानाचे डँपर लावून फेब्रुवारी २००२ मध्ये तो पुन्हा उघडला. युरोकोडनुसार, म्हणजे युरोपातल्या बांधकाम-मानकांनुसार, आडवी वारंवारता अडीच हर्ट्झच्या वर असली, तर त्या तपासणीची गरज उरत नाही. आमच्या पुलाची ती २.९ होती. तो प्रश्न तिथेच मिटला.

उभं कंपन मात्र मोठं होतं. आमच्या मोडचं परिणामी वस्तुमान, म्हणजे त्या डोलण्यात जणू भाग घेणारं वजन, ४५ टन. एका माणसाच्या चालण्यातला नियमित वरखाली जोर साधारण २८० न्यूटन. तो एकाच जागी तालात पाय आपटत राहिला तर त्वरण ०.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग. पूल ओलांडत गेला तर मध्यावर थोडाच वेळ असल्याने ०.४७. युरोकोडची मर्यादा ०.७. म्हणजे चालत जाणाऱ्या एका माणसाने पूल बिघडत नव्हता. कॉलेज सुटल्यावर मात्र डेकवर ९० जण धरले, तर फ्रान्सच्या सेट्रा मार्गदर्शिकेच्या रीतीने उत्तर येत होतं जवळजवळ ३. हे सहन होण्याच्या पलीकडचं आहे.

इथे एक गोष्ट कळली जी मला फार महत्त्वाची वाटते. डँपिंग दुप्पट केलं की एका माणसाने होणारं कंपन निम्मं होतं. गर्दीचं तसं होत नाही. गर्दीत प्रत्येकाचा ताल वेगळा, ते कधी एकमेकांना साथ देतात, कधी खोडून काढतात, आणि डँपिंग वाढलं की शिखर रुंद होऊन जास्त माणसांचे ताल त्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे गर्दीचं कंपन डँपिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतं. डँपिंग बारा पट वाढवलं तरी कंपन साडेतीन पटच उतरतं. ज्यांना डँपर म्हणजे रामबाण वाटतो त्यांनी हा हिशोब एकदा स्वतः करून पाहावा.

पूल आणखी कडक करणं हा पर्याय होता, पण त्यासाठी ट्रस खोल करावा लागला असता आणि पुराचं पाणी त्याला अडलं असतं. म्हणून ट्यून्ड मास डँपर: पुलाच्या मध्यावर डेकखाली स्प्रिंगवर टांगलेलं वजन, बाजूला तेलाचा डँपर. पूल हलला की वजन त्याच्या विरुद्ध तालात हलतं आणि ऊर्जा तेलात जिरते. कल्पना जुनी आहे. हर्मन फ्राम यांनी १९०९ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९२८ मध्ये ऑर्मंड्रॉइड आणि डेन हार्टोग यांनी ते वजन कोणत्या वारंवारतेवर बसवायचं याचं गणित मांडलं. तैपेई १०१ मध्ये ६६० टनांचा गोळा लटकतोय तो याच तत्त्वावर.

डेन हार्टोगचं सूत्र एका ओळीत बसतं. वजन मोडच्या वस्तुमानाच्या ३ टक्के, म्हणजे १३५० किलो घेतलं, तर डँपरची वारंवारता पुलाच्या वारंवारतेला १.०३ ने भागून येईल तेवढी ठेवायची. पण ते सूत्र एकाच ठाम वारंवारतेच्या पुलासाठी आहे. आमचा पूल रात्री १.९२, दुपारी १.९०, आणि ९० माणसं चढली की त्यांच्याच वजनाने १.८६ पर्यंत खाली येणारा. थोडी सूट धरून १.८४ ते १.९४ एवढ्या पट्ट्यात तो कुठेही असू शकत होता. एकच डँपर नेमका एका जागी बसवला, तर बाकीच्या जागी तो निम्माच उपयोगी. म्हणून वजन तीन भागांत वाटायचं आणि तिघांच्या वारंवारता थोड्या अंतरावर ठेवायच्या, असं ठरलं.

तीन वारंवारता आणि तिघांचं डँपिंग शोधायचं, ते असं की पट्ट्यातल्या सगळ्यात वाईट स्थितीतलं सगळ्यात उंच शिखर शक्य तितकं खाली यावं. या प्रश्नात उताराच्या दिशेने जाणाऱ्या नेहमीच्या पद्धती अडखळतात, कारण उत्तम जागी दोन-तीन शिखरं एकाच उंचीची होतात आणि उतार तिथे तुटतो. पण ३८ हजार अज्ञातांचं मॉडेल आता लागतच नव्हतं. पुलाची एक मोड आणि तीन वजनं, म्हणजे चार बाय चारची मॅट्रिक्स. ती इतक्या झटकन सुटते की शक्यतांचं जाळं टाकून सरळ सगळीकडे शोध घेता आला. उत्तर आलं: १.७३, १.८४ आणि १.९६ हर्ट्झ, प्रत्येकाचं डँपिंग साडेसहा टक्क्यांच्या जवळ.

मग खरी गर्दी चालवून पाहायची. प्रत्येक माणसाला वेगळा ताल, वेगळं वजन, वेगळा चढण्याचा क्षण, आणि अशा शेकडो गर्द्या. यासाठी वेळेच्या पावलापावलाने समीकरण सोडवावं लागतं, बहुधा न्यूमार्कच्या १९५९ च्या पद्धतीने. आणि इथे पुन्हा डँपिंगच आडवं आलं. त्या पद्धतीत गॅमा नावाचा एक आकडा असतो. तो ०.५ असेल तर पद्धत स्वतःहून ऊर्जा खात नाही. तो ०.५५ ठेवला आणि वेळेचं पाऊल ०.०२ सेकंद घेतलं, तर पद्धतच ०.६ टक्के डँपिंग आणून टाकते. पुलाचं स्वतःचं ०.४! म्हणजे गणितच पुलापेक्षा जास्त शांत. गॅमा ०.५ ठेवूनही ०.०२ चं पाऊल वारंवारता अर्ध्या टक्क्याने खाली ओढतं, आणि इतक्या अरुंद शिखरासाठी ते खूप झालं. भूकंपाच्या कामात ही पावलं खपून जातात, म्हणून सेटिंग तशीच पडलेली असतात. डँपर लावण्याआधीचं मॉडेल घेऊन, त्यात फक्त ०.४ टक्के टाकून, हेलकावा चौदा सेकंदांत निम्मा होतो का, हे आम्ही आधी पडताळलं. ते जुळल्यावरच गर्दी सोडली. पाऊल ०.००२ सेकंदांचं ठेवलं. डँपरसह उत्तर ०.९ च्या आसपास स्थिरावलं, सेट्राच्या मधल्या आराम-वर्गात. ०.७ गाठायला वजन जवळजवळ दुप्पट करावं लागलं असतं, आणि ते डेकखाली मावत नव्हतं. नगरपालिकेच्या अभियंत्यांना आम्ही हे आलेखासकट समजावलं आणि त्यांनी ते मान्य केलं.

भोसरीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात डँपर बनले. तिन्ही डँपरना एकाच मापाच्या स्प्रिंग आणि वजनं मात्र वेगळी, असा तोडगा निघाला: ५०९, ४५० आणि ३९७ किलो. कारखानदार काका म्हणाले, "मॅडम, स्प्रिंग म्हटलं की दहा टक्के मागे-पुढे व्हायचंच." दहा टक्के कडकपणा म्हणजे पाच टक्के वारंवारता, आणि आमच्या तिन्ही डँपरच्या वारंवारता एकमेकांपासून सहा-साडेसहा टक्क्यांवर होत्या. म्हणून जास्तीच्या स्प्रिंग बनवून प्रत्येकीवर वजन ठेवून दाब मोजला आणि जुळणाऱ्यांचे चार-चारचे संच केले. मधलं वजन टांगल्यावर स्प्रिंग ७३ मिलिमीटर दबली. हिशोबात तेवढीच होती. बाकी बारीक जुळवणी पाच किलोच्या पट्ट्यांनी. एक पट्टी चढवली की वारंवारता ०.०१ हर्ट्झने उतरते. घर्षणाची काळजी मला सगळ्यात जास्त होती. वजन ज्या मार्गदर्शक दांड्यांवर सरकतं तिथे ते जरा जरी धरलं, तर लहान कंपनात डँपर झोपूनच राहतो. काकांनी दांड्यांचं पॉलिश पुन्हा करून दिलं, तेही न सांगता.

बसवताना वजनं बोल्टने जखडलेली होती. त्यामुळे चाचणीची चांगली सोय झाली: आधी जखडलेल्या अवस्थेत उड्या, मग बोल्ट सोडून त्याच दोघांच्या त्याच तालावर उड्या. पहिल्या वेळी रेघ पूर्वीसारखीच लांबत गेली. दुसऱ्या वेळी ती दोन सेकंदांच्या आत निम्म्यावर आली, वाटेत एक छोटा फुगवटा घेऊन. वजनांनी घेतलेली थोडी ऊर्जा पुलाला परत देताना तो दिसतो, आणि तो दिसणं म्हणजे ती खरंच काम करताहेत. नंतर कॉलेजची चाळीसेक मुलं चालवली. बोल्ट जखडलेले असताना त्वरण १.६, सोडल्यावर ०.५.

काम सोपवताना नगरपालिकेने पुलावर ६० मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक बसवायचं सुचवलं, दिसायला छान म्हणून. त्याचं वजन २६ टन, पूल सगळा मिळून ९० टनांचा. वारंवारता १.६९ वर येते आणि तिन्ही डँपर तिच्या वरच्या बाजूला राहून जातात. आम्ही तो हिशोब लिहून दिला आणि त्याऐवजी पातळ इपॉक्सीचा खडबडीत थर सुचवला. तो मंजूर झाला. देखभालीच्या वहीत पहिल्या पानावर आता तीन नोंदी आहेत: डेकवर कोणतंही नवं वजन टाकण्याआधी वारंवारता मोजायची, पावसाळ्यानंतर मार्गदर्शक दांड्या पुसून तपासायच्या, आणि गंजलेलं बेअरिंग बदललं की तिन्ही डँपर नव्याने जुळवायचे. बेअरिंग बदलायचं काम या उन्हाळ्यात निघतंय.